जीपीएस रिपीटरचा परवाना: सगळा हिशेब भिंतीबाहेरच्या शंभर फुटांचा

हँगराच्या पत्र्याखाली उभ्या विमानाला उपग्रह दिसत नाहीत. जीपीएसचं युनिट बदललं की चाचणीसाठी विमान बाहेर ओढायचं, म्हणजे टग आला, दोन्ही पंखांच्या टोकांशी माणसं आली, आणि पाऊस असेल तर सगळंच थांबलं. त्यावरचा उपाय, म्हणजे जीपीएस रिपीटर, साधा दिसतो. छतावर एक अँटेना, तिथून खाली केबल, मध्ये अँप्लिफायर आणि आत छताला उलटी टांगलेली छोटी अँटेना. हे सामान एका दुपारी बसवून होतं. परवान्याला मात्र आठवडे जातात, कधी महिने, कारण तो खोक्याला मिळत नाही. तो एका जागेला, एका कामाला आणि एका आकड्याला मिळतो.

पुढचं सगळं अमेरिकेतल्या प्रक्रियेबद्दल आहे. युरोपची पद्धत वेगळी आहे, तिच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण अर्जाची सुरुवातच बहुतेक वेळा त्याच्याशी अडखळते. "आम्ही नवीन काही प्रसारित करत नाही, आकाशातलंच आत सोडतो" हा युक्तिवाद चालत नाही. आतली अँटेना १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऊर्जा हवेत सोडते, म्हणजे ती प्रक्षेपक आहे. ताकद पिकोवॅटमध्ये असली तरी. शिवाय हा पट्टा उपग्रह दिशादर्शनासाठी राखलेला, आणि जमिनीवर पोचणारा मूळ सिग्नल इतका क्षीण की त्याच्या शेजारी काहीही मोठंच ठरतं.

दारं दोन आहेत. केंद्र सरकारचं खातं असेल, उदाहरणार्थ लष्कराचा तळ, तर अर्ज एनटीआयएकडे, म्हणजे सरकारी खात्यांच्या रेडिओ वारंवारता सांभाळणाऱ्या संस्थेकडे, जातो. बाकी सगळ्यांनी एफसीसीकडे, म्हणजे इतरांना रेडिओ परवाने देणाऱ्या आयोगाकडे, जायचं. तिथे रिपीटरसाठी नेहमीच्या परवान्याचा वर्ग नाही, म्हणून एफसीसीच्या नियमांतल्या भाग ५ मधला प्रायोगिक परवाना मागावा लागतो. पण हा पट्टा सरकारी वापरातलाही असल्यामुळे एफसीसीला एनटीआयएशी समन्वय करावा लागतो. त्यामुळे दार कुठलंही असो, अटी एकाच ठिकाणच्या लागू होतात: एनटीआयएच्या नियमपुस्तिकेतलं कलम ८.३.२८. अर्ज उघडायच्या आधी ते कलम छापून समोर ठेवावं. एक-दोन पानांचंच आहे आणि त्यातलं प्रत्येक वाक्य पुढे तुमच्या परवान्यावर अट म्हणून परत येतं.

त्यात काय आहे? वापर फक्त इमारतीच्या आत. प्रत्येक उपकरणाला, ठरलेल्या जागेसाठी, वेगळी परवानगी. जिथे व्यत्यय येऊ शकतो तो परिसर वापरणाऱ्याच्या ताब्यात हवा. त्या परिसरात जीपीएस वापरणाऱ्यांना आधी कळवायला हवं. उपयोग दिशादर्शन उपकरणांच्या चाचणीपुरता. 'स्टॉप बझर' म्हणून एक संपर्क, रिपीटर चालू असेल तेव्हा हमखास उपलब्ध. आणि आकडा: इमारतीपासून १०० फुटांवर, समदिश (सगळ्या दिशांनी सारखंच ग्रहण करणाऱ्या) अँटेनेला मिळणारं उत्सर्जन २४ मेगाहर्ट्झमध्ये −१४० डीबीएमपेक्षा (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत, मोजलेली शक्ती) जास्त नको. हे गणित मोकळ्या हवेतल्या प्रसारणाचं धरून करायचं, भिंतीची एका डीबीचीही सूट न घेता.

'चाचणीपुरता' हा शब्द अनेकांना नडतो. गॅरेजमध्ये उभ्या गाड्यांचं जीपीएस तयार राहावं, गोदामातल्या स्कॅनरना वेळ मिळावी, दुकानातले हँडसेट ग्राहकाला चालू करून दाखवता यावेत, हे हेतू या कलमात बसत नाहीत. हेतू चुकीचा लिहून चालत नाही आणि फिरवून लिहिलेला समन्वयात पकडला जातो. हँगरात बसवलेल्या युनिटची कामगिरी तपासणं ही चाचणी आहे. तेवढंच लिहावं.

त्याहीआधीचा प्रश्न: हवेत सोडायची खरंच गरज आहे का? टेबलावरच्या रिसीव्हरसाठी नाही. छतावरच्या अँटेनेची केबल स्प्लिटरला जोडा, प्रत्येक पोर्टवर डीसी ब्लॉक, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन डीसी वीज अडवणारा तुकडा, लावा (एकाच पोर्टमधून अँटेनेला वीज जाऊ द्या) आणि गरजेनुसार सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर टाका. सिग्नल केबलमध्येच राहतो, परवान्याचा प्रश्न मिटतो. विमानाच्या अँटेनेवर टोपीसारखा बसणारा कपलरही मिळतो. बऱ्याच चाचण्या त्याने होतात, फक्त त्याची गळती तपासून घ्यावी लागते. रिपीटर लागतो तो एकाच वेळी अनेक विमानं किंवा अँटेनांसकट पूर्ण बसवणी तपासायची असेल तेव्हा. आमच्या अनुभवात निम्म्या मागण्या स्प्लिटरवर संपतात आणि मागणाऱ्याला त्याचं वाईट वाटत नाही.

आता हिशेब. अर्जाचा खरा गाभा हाच.

१०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर. तेवढ्या अंतरावर एल-१ वर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, मोकळ्या हवेतला तोटा ६६.१ डीबी. म्हणजे अँटेना अगदी भिंतीला चिकटून असेल तर तिचं ईआयआरपी (समदिश अँटेनेच्या तुलनेत मोजलेली प्रक्षेपणाची शक्ती) जास्तीत जास्त −७३.९ डीबीएम चालेल. पण अंतर मोजायचं ते अँटेनेपासून. अँटेना सर्वात जवळच्या भिंतीपासून १५ मीटर आत टांगली की एकूण अंतर ४५.४८ मीटर होतं, तोटा ६९.५ डीबी आणि मर्यादा −७०.५ डीबीएम. साडेतीन डीबी फुकट मिळाले. दाराजवळ टांगायचा मोह होतो, कारण केबल तिथे सोपी पोचते. ते टाळावं. आणि 'जवळची भिंत' म्हणजे आपल्या मनातली दर्शनी भिंत नव्हे. आराखड्यावर चारही बाजूंची अंतरं लिहून सगळ्यात लहान घ्यायचं. हँगराला जोडून ऑफिसांची माळ असेल तर इमारत कुठे संपते हे आराखड्यातच स्पष्ट करावं.

जीपीएसचे दुसरे दोन पट्टे, एल-२ आणि एल-५, सुद्धा आत सोडायचे असतील तर मर्यादा घट्ट होते. वारंवारता कमी, म्हणून तोटाही कमी: ३०.४८ मीटरवर एल-२ ला ६३.९ आणि एल-५ ला ६३.५ डीबी. तेच अँप्लिफायर एल-१ ला पास आणि एल-५ ला अडीच डीबीने नापास होऊ शकतं. नको असेल तो पट्टा फिल्टरने कापून टाकावा, अर्जही हलका होतो. (जाता जाता: एल-५ ची वारंवारता, ११७६.४५ मेगाहर्ट्झ, भारताच्या नाविक या दिशादर्शन प्रणालीचीही असल्यामुळे, एल-५ सोडला की तिचे उपग्रह दिसत असतील तिथे तेही आत येतात. नाविकचा एस-पट्टा २४९२ च्या आसपास आहे, तो या साखळीतून येत नाही.)

साखळी डोळ्यांसमोर राहावी म्हणून एक पूर्ण उदाहरण घेऊ. जीपीएसच्या अधिकृत सिग्नल-दस्तऐवजात एल-१ च्या नागरी संकेताची किमान पातळी −१५८.५ डीबीडब्ल्यू (एक वॅटच्या तुलनेत), म्हणजे −१२८.५ डीबीएम दिली आहे. ती ३ डीबीआय रेषीय अँटेनेच्या *आउटपुटला* मोजलेली आहे. त्यामुळे छतावरच्या अँटेनेचा ३ डीबी गेन (सिग्नलची वाढ) पुन्हा मिळवायचा नाही. ही दुहेरी मोजणी हिशेबातली सर्वात नेहमीची चूक. दहा उपग्रह धरले की १० डीबी वाढतात: −११८.५. छतावरच्या अँटेनेतला एलएनए, म्हणजे कमी गोंगाटाचा अँप्लिफायर, +३०. आकाशातल्या विजेपासूनचा संरक्षक −०.५. तीस मीटर एलएमआर-४०० केबल −५. फिल्टर आणि कनेक्टर मिळून −१. आतल्या अँटेनेचा गेन +३. बेरीज −९२. मर्यादा −७०.५, म्हणजे मधल्या अँप्लिफायरला जास्तीत जास्त २१.५ डीबी ठेवता येतील. आम्ही १८ वर ठेवतो. उपग्रह किमान पातळीपेक्षा प्रत्यक्षात बरेचदा जोरात असतात, आणि एलएनएचा गेन डब्यावर लिहिल्यापेक्षा एक-दोन डीबी इकडे-तिकडे असतो. साडेतीन डीबीची फट त्याच्यासाठी. १८ डीबीवर संपूर्ण साखळीचा गेन ४४.५ आणि ईआयआरपी −७४ डीबीएम.

इथे एक गोष्ट अर्ज तपासणाऱ्याच्या आधी तुमच्या लक्षात आलेली बरी. २४ मेगाहर्ट्झमध्ये नुसता उष्मीय गोंगाटच −१०० डीबीएमच्या आसपास असतो. दहाही उपग्रहांच्या बेरजेपेक्षा तो अठरा डीबी जास्त. म्हणजे रिपीटर जे बाहेर टाकतो त्यात बहुतांश गोंगाट असतो आणि जीपीएस त्याच्या तळाशी बुडालेला. हाच ४४.५ डीबी गेन गोंगाटाला लावला तर १०० फुटांच्या रेषेवर −१२५ डीबीएम येतात, मर्यादेपेक्षा पंधरा डीबी जास्त. तीच साखळी सिग्नलच्या हिशेबाने साडेतीन डीबीने पास, गोंगाटाच्या हिशेबाने पंधराने नापास! गोंगाटही मर्यादेत बसवायचा म्हटलं तर एकूण गेन तिशीच्या खाली आणावा लागतो, आणि मग रिसीव्हर आतल्या अँटेनेपासून मीटर-दोन मीटरवरच चालतो.

बाहेरच्या माणसाला खरा त्रास कशाचा? −१२५ डीबीएमचा गोंगाट त्याच्या रिसीव्हरच्या स्वतःच्या −१०० मध्ये मिसळला तर त्याला पत्ताही लागत नाही. धोका असतो तो संकेताच्या नकलेचा, कारण ती नक्कल खरीच वाटते. आपल्या उदाहरणात प्रत्येक उपग्रहाची नक्कल रेषेवर −१५३.५ डीबीएमला पोचते, थेट सिग्नलपेक्षा २५ डीबी खाली. इतक्या खालच्या नकलेला रिसीव्हर धरून बसत नाही. म्हणून अर्जासोबतच्या गणितात आम्ही दोन्ही ओळी लिहितो, सिग्नलची आणि गोंगाटाची. उत्सर्जन म्हणून कुठली धरली आणि का, हे दोन वाक्यांत सांगतो. लपवलेली ओळ प्रश्न म्हणून परत येते आणि फाईल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते.

या गेनवर आत काय मिळतं? छत ९ मीटर, विमानाची पाठ ४ मीटरवर, मधलं अंतर ५ मीटर. तिथे वाहक-गोंगाट गुणोत्तर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरात ते) ३७ डीबी-हर्ट्झच्या आसपास. बाहेर उघड्यावर ४३ ते ४५ दिसतं. दहा मीटरवर ३१-३२ उरतात. आधीपासून धरलेले उपग्रह त्यावर टिकतात, पण थंड सुरुवातीला, म्हणजे उपग्रह नव्याने शोधायचे असतील तेव्हा, रिसीव्हर रेंगाळतो. त्यावर उतारा म्हणून लोक अँप्लिफायर वर ढकलतात. त्याऐवजी अँटेना विमानाच्या जवळ आणावी. अंतर निम्मं केलं की सहा डीबी मिळतात, आणि बाहेरच्या हिशेबाला धक्का लागत नाही.

आता अर्ज. एफसीसीच्या प्रणालीत आधी नोंदणी क्रमांक काढायचा. तो संस्थेच्या नावाने हवा, माणसाच्या नाही, नाहीतर माणूस नोकरी सोडतो आणि परवाना लटकतो. मग प्रायोगिक परवान्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म ४४२. थोड्या दिवसांचंच काम असेल तर विशेष तात्पुरती परवानगी मागता येते. ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची, आणि अर्ज काम सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी करायचा. दहा दिवस ही अर्ज करण्याची मुदत आहे, उत्तर मिळण्याची नव्हे. कायमच्या हँगराला नेहमीचा प्रायोगिक परवाना घ्यावा. तो दोन वर्षांचा मिळतो, कारण दिलं तर पाचपर्यंत.

फॉर्ममध्ये चुका ठरलेल्या जागी होतात. वारंवारतेच्या रकान्यात नुसतं १५७५.४२ लिहून भागत नाही, पट्टा लिहायचा: १५६३.४२ ते १५८७.४२. उत्सर्जनाचा प्रकार सांगणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची सुरुवात २४ मेगाहर्ट्झशी जुळायला हवी. शक्तीच्या रकान्यात ईआरपी (समदिशऐवजी द्विध्रुव अँटेनेच्या तुलनेत मोजलेली शक्ती) मागतात, आपलं गणित मात्र ईआयआरपीत असतं. मध्ये २.१५ डीबीचा फरक. −७४ डीबीएम ईआयआरपी म्हणजे −७६.१५ डीबीएम ईआरपी, वॅटमध्ये ०.००००००००००२४. दशांशचिन्हानंतर दहा शून्यं. यातलं एक गळलं तर अर्ज दहापट शक्तीचा होतो आणि गणिताच्या पानाशी जुळत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे मोजावं, हसू आलं तरी. अक्षांश-रेखांश छतावरच्या अँटेनेचे नाही, आत प्रक्षेपण करणाऱ्या अँटेनेचे द्यायचे. उंचीही तिचीच.

सोबतच्या पानांत चार गोष्टी हव्यात: हेतूचा परिच्छेद, मोजमापांसकट आराखडा, साखळीचं रेखाचित्र (प्रत्येक तुकड्याखाली त्याचा गेन किंवा तोटा) आणि तोट्याचं गणित. विक्रेत्याचं रंगीत माहितीपत्रक या चौघांची जागा घेत नाही. त्यात 'कमाल गेन' छापलेला असतो आणि तपासणारा तोच आकडा उचलतो. गेन बदलता येणारं अँप्लिफायर असेल तर तो कितीवर आणि कसा अडकवून ठेवणार, हे लिहावं लागतं.

स्टॉप बझर हे नाव गमतीदार आहे, काम नाही. कुणीतरी फोन करून "बंद करा" म्हटलं की रिपीटर मिनिटांत बंद झाला पाहिजे. स्वागतकक्षाचा नंबर दिला तर संध्याकाळी पाचनंतर तिथे घंटा वाजत राहते. पाळीप्रमुखाकडे फिरणारा एकच मोबाइल ठेवावा आणि ज्याच्याकडे तो असेल त्याला विजेचा स्विच कुठे आहे हे माहीत असावं. आम्ही स्विच दारालगत लावतो, रिपीटर चालू असताना पेटणाऱ्या लाल दिव्यासह. वीज टायमरमधून देतो, म्हणजे रात्री विसरला तरी बंद होतो.

सामान खरेदीचा क्रमही उलटा आहे. आधी परवाना, मग रिपीटर. अमेरिकेत परवानगी नसलेल्या ग्राहकाला अशी उपकरणं विकण्यावरच बंधनं असल्याने विक्रेते परवान्याची प्रत मागतात. म्हणून अर्जात मॉडेल लिहिताना ते वेळेवर मिळेल याची खात्री करून घ्यावी. मॉडेल बदललं की साखळीचं गणित बदलतं आणि अर्जात दुरुस्ती करावी लागते.

परवाना आल्यावर सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ज्या आकड्यावर तो मिळाला तो मोजता येत नाही. −१४० डीबीएम स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला दिसत नाही, तो त्याच्या स्वतःच्या गोंगाटात खोल गाडलेला असतो. म्हणून गेन मोजायचा. छतावरच्या अँटेनेच्या जागी नेटवर्क अ‍ॅनालायझर, साखळीच्या शेवटी आतल्या अँटेनेच्या जागी दुसरं पोर्ट, दोन्हीकडे डीसी ब्लॉक. एलएनए अँटेनेतच असतो, त्यामुळे त्याचा गेन निर्मात्याच्या चाचणीपत्रावरून घ्यावा लागतो. बाकी केबल, फिल्टर आणि अँप्लिफायर एकत्र मोजता येतात. अ‍ॅनालायझरची पातळी −५० डीबीएमच्या खाली ठेवायची, नाहीतर अँप्लिफायर दबतो, गेन कमी दिसतो आणि आपण खुशीत तो वाढवतो. हे मोजताना आतली अँटेना जोडलेली नको. चाचणीचा सिग्नल हवेत गेला तर तो रिपीटरपेक्षा हजारो पट जोरात असतो.

मग बाहेर चालायचं. भिंतीपासून १०० फुटांवर चारी बाजूंना खुणा करायच्या आणि नोंद ठेवणारा रिसीव्हर घेऊन फेरी मारायची. एकदा रिपीटर बंद, एकदा चालू, दार उघडं आणि बंद. चारही फेऱ्यांत स्थान आणि गुणोत्तर सारखं राहिलं पाहिजे. दाराच्या तोंडाशी आल्यावर स्थान उडी मारून छतावर गेलं, तर तिथे नक्कल जिंकते आहे. उडीची जागा छतावरच का? रिपीटर सगळे सिग्नल छतावरच्या अँटेनेपाशी गोळा करतो. पुढची केबल आणि हवा सगळ्यांना सारखाच उशीर लावतात, तो उशीर रिसीव्हर आपल्या घड्याळातली चूक समजून गिळतो, आणि उरतं ते छतावरच्या अँटेनेचं स्थान. हँगरातली सगळी विमानं एकाच बिंदूवर उभी असल्याचं सांगतात. घड्याळ मात्र मागे पडतं: तीस मीटर एलएमआर-४०० चे ११८ नॅनोसेकंद, अधिक हवेतल्या पाच मीटरचे १७. वेळेची अचूकता तपासायची असेल तर ही वजाबाकी चाचणीच्या कागदावर हवी.

बिघाडांत सगळ्यात फसवा असतो तो पत्र्यातल्या पारदर्शक शीटचा. उजेडासाठी छतात फायबरच्या पट्ट्या असतात, त्यातून जीपीएसही आत येतो. मग रिसीव्हरला दोन-तीन उपग्रह थेट दिसतात आणि बाकीचे रिपीटरमधून. दोन्हींचा उशीर वेगळा, त्यामुळे उशीर घड्याळात जिरत नाही. स्थान पंचवीस-तीस मीटर भटकतं आणि विमानाची स्वतपासणी दोष दाखवते. चांगलं युनिट काढून परत पाठवलं जातं. विमान पट्टीखालून हलवलं किंवा रिपीटर बंद करून थेट काय दिसतं ते पाहिलं की उलगडा होतो.

दुसरा बिघाड घोंघावण्याचा. आतल्या अँटेनेतून निघालेलं छतावरच्या अँटेनेपर्यंत परत पोचलं आणि साखळीचा गेन त्या वाटेतल्या तोट्याहून जास्त झाला, तर रिपीटर स्वतःच वाजू लागतो आणि परिसरासाठी जॅमर बनतो. दोन अँटेनांत १२ मीटर असतील तर मोकळ्या हवेतला तोटा ५८ डीबी. आपल्या ४४.५ ला साडेतेरा डीबी उरतात, मध्ये पत्रा असेल तर त्याहून जास्त. पण अँप्लिफायर ४० वर नेला की गेन ६६.५ होतो, आणि मग सगळी भिस्त पत्र्यावर. अँप्लिफायर 'थोडा वर करून बघू' म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा.

सर्वात सामान्य गडबड देखभालीत होते. छतावरची अँटेना वादळात गेली, स्टोअरमध्ये ४० डीबीची होती, ती बसवली. दहा डीबी वाढले, परवाना मोडला, आणि आत सगळं आधीपेक्षा छान चालतंय म्हणून कुणी तक्रारही करत नाही. केबल कापून छोटी केली तरी तसंच. म्हणून साखळीच्या प्रत्येक तुकड्यावर पट्टी चिकटवतो: गेन किंवा तोटा, आणि 'बदलण्याआधी गणित तपासा'. उलट दिशेची चूकही होते. एन-कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, तोटा हळूहळू वाढतो, कुणीतरी अँप्लिफायर वाढवून भरपाई करतं, आणि पुढे कनेक्टर बदलला की ती भरपाई तशीच राहून जाते.

विमानतळावर ही सगळी काळजी जास्त लागते. २०१० मध्ये जर्मनीतल्या हानोव्हर विमानतळावर हँगरातल्या रिपीटरचा सिग्नल बाहेर जाऊन तिथल्या विमानांच्या जीपीएसला त्रास झाला. त्या प्रकाराचा दाखला विमान वाहतुकीच्या कागदपत्रांत पुन्हा पुन्हा येतो. हँगराचं दार धावमार्गिकेकडे उघडत असेल तर आतली अँटेना दाराकडे पाठ करून, खाली तोंड करून लावावी, आणि नियंत्रण मनोऱ्याला आधी कळवावं. परवान्यातली 'कळवा' ही अट शेजारच्या हँगरालाही लागू होते.

युरोपात विचार थोडा वेगळ्या बाजूने होतो. तिथल्या दूरसंचार प्रशासनांच्या समितीने अहवाल १२९ आणि १४५ मध्ये रिपीटरचा अभ्यास केला आणि उपकरणासाठी ईटीएसआयचं मानक ईएन ३०२ ६४५ आलं. तिथे आकडा थेट साखळीच्या गेनवर आहे: ४५ डीबी. आपल्या उदाहरणातले ४४.५ त्यात जेमतेम बसतात. मात्र मानकाचा शिक्का असलेलं उपकरण म्हणजे वापराची परवानगी नव्हे. परवाना देशागणिक वेगळा, काही देशांत जागेनुसार सरळ मिळतो, काही ठिकाणी मिळतच नाही. एका देशातून दुसऱ्या देशात रिपीटर नेताना जुना कागद उपयोगी पडत नाही.

अमेरिकेतही परवाना इमारतीबाहेर पडत नाही. शेजारच्या हँगरात स्थलांतर झालं, अगदी तेच सामान, तीच उंची, तरी अक्षांश-रेखांश बदलले आणि जवळच्या भिंतीचं अंतर बदललं. म्हणजे नवा आराखडा, नवं गणित आणि परवान्यात दुरुस्ती. ती मंजूर होईपर्यंत आतल्या अँटेनेची केबल काढून टोकाला ५० ओहमचा टर्मिनेटर लावायचा आणि अँप्लिफायरची किल्ली स्टॉप बझरच्या फोनसोबत पाळीप्रमुखाच्या कपाटात ठेवायची.